बाटलीचा रंग आणि पुस्तिकेतली ओळ

गाडी माझ्याकडे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. पत्रा चांगला, टायर चांगले, इंजिनाचा आवाज एकसारखा. घरी आणल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून मी एकेक गोष्ट तपासत होते. ऑइल पाहिलं, ब्रेक ऑइल पाहिलं, बॅटरीची टोकं पुसली आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे कूलंटच्या टाकीपाशी येऊन थांबले. दुधी प्लास्टिकची ती टाकी, आत गढूळ तपकिरी पाणी. पण वरच्या रेघेच्या आसपास टाकीच्या भिंतीला एक फिकट गुलाबी कड सुकून बसली होती, आणि झाकण काढलं तर त्याच्या आट्यांत हिरवट पापुद्रा. म्हणजे या टाकीत कधीतरी गुलाबी होतं, मग कधीतरी हिरवं आलं, आणि आता जे उरलं होतं ते नेमकं काय, हे सांगायची सोय राहिली नव्हती.

पातळी खालच्या रेघेच्याही बोटभर खाली गेली होती. काहीतरी घालणं भागच होतं. काय घालायचं?

आधीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "हिरवं घाला ताई. हिरवं सगळ्यांना चालतं." ओळखीच्या मेकॅनिकनं गाडीचं नाव ऐकलं आणि क्षणात सांगितलं, "जपानी आहे ना? मग गुलाबी. डोळे झाकून घाला." बाबांना विचारलं तर त्यांचं तिसरंच. "पाणी घाल गं. आम्ही वीस वर्षं नळाचं पाणीच घातलं, काही बिघडलं नाही." तिघंही खोटं बोलणारी माणसं नाहीत. तिघांच्याही गाड्या आयुष्यभर नीट चालल्या. आणि तरीही तिघांची उत्तरं एकमेकांना काटणारी होती, म्हणून मी त्या दिवशी टाकीत काहीच न घालता बॉनेट बंद केलं आणि वाचायला बसले.

सगळ्यांत आधी कळलं ते हे, की कूलंटला स्वतःचा असा रंगच नसतो. त्यातलं ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात मिसळायचं मुख्य द्रव, पाण्यासारखंच स्वच्छ असतं आणि गंज रोखणारी रसायनंही जवळजवळ बेरंग. रंग शेवटी मुद्दाम मिसळतात. गळती झाली तर डाग दिसावा, कुणी ते साधं पाणी समजू नये आणि कंपनीला आपला माल ओळखता यावा, एवढंच त्याचं काम. कुठल्या रसायनाला कुठला रंग, असा जगभर पाळला जाणारा नियम नाही.

याची उदाहरणं पाहिली तेव्हा मी खरंच हादरले. होंडाचं कूलंट निळं. बीएमडब्ल्यूत वर्षानुवर्षं वापरलेलं कूलंटही निळं. पण गंज रोखायला होंडाच्या निळ्यात फॉस्फेट असतं आणि सिलिकेट नसतं. बीएमडब्ल्यूच्या त्या निळ्यात सिलिकेट असतं आणि फॉस्फेट नसतं. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात, आणि आतून बरोबर उलट. उलटपक्षी टोयोटाचं गुलाबी आणि होंडाचं निळं हे दिसायला वेगळे, पण रसायनानं एकाच घराण्यातले. अमेरिकेत तर याहून गोंधळ. जनरल मोटर्सनं १९९६ च्या मॉडेलपासून 'डेक्स-कूल' नावाचं नारिंगी कूलंट वापरायला घेतलं, ते गंज रोखायला पूर्णपणे ऑरगॅनिक ॲसिडवर विसंबणारं. पुढे काही वर्षांत क्रायस्लरच्या गाड्यांमध्येही नारिंगी कूलंट यायला लागलं, पण ते सिलिकेट असलेलं, मिश्र जातीचं. आणि क्रायस्लरच्या त्या नारिंगीशी रसायनानं जवळपास जुळणारं कूलंट फोर्डनं वापरलं ते पिवळं! म्हणजे 'नारिंगीत नारिंगी घाला' म्हणणारा माणूस चुकणार आणि 'पिवळं-नारिंगी मिसळू नका' म्हणणाराही कधीकधी चुकणार.

आता हे द्रव इंजिनात नेमकं करतं काय, ते सांगते. सिलिंडरच्या आत पेटलेल्या वायूचं तापमान २००० अंश सेल्सियसच्या वर जातं. इंधनातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा कूलंटला वाहून न्यावा लागतो. वाहून नेण्याच्या या कामात साध्या पाण्याचा हात धरणारं फारसं काही नाही. एक किलो पाणी एका अंशानं तापायला ४.१८ किलोजूल उष्णता पिऊन घेतं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं मिसळलं की हा आकडा साडेतीनच्याही खाली येतो. बाबांचं म्हणणं या एका बाबतीत अगदी बरोबर आहे. नुसती उष्णता उचलायची असेल तर पाणीच सरस.

पण पाणी ० अंशाला गोठतं, गोठताना फुगतं आणि फुगताना इंजिनाचा ब्लॉक फोडू शकतं. मोटारी नव्या होत्या तेव्हा थंड प्रदेशात लोक हिवाळ्यात पाण्यात मिथाइल अल्कोहोल घालत. ते तापलं की उडून जाई, आणि पेटणारं म्हणून भीती वेगळीच. एथिलीन ग्लायकॉल तोवर सत्तर वर्षं जुनं झालेलं होतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल अडोल्फ वुर्ट्झ यांनी ते १८५६ साली पहिल्यांदा तयार केलं. मोटारीच्या रेडिएटरसाठी ते 'प्रेस्टोन' या नावानं १९२७ साली बाजारात आलं. ते सहज उडून जात नव्हतं, त्यामुळे एकदा भरलं की हंगामभर टिकत असे.

या ग्लायकॉलची एक गंमत मला फार आवडते. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं. शुद्ध पाणी ० अंशाला. पण दोघं निम्मं-निम्मं एकत्र आले की गोठणबिंदू उणे ३७ पर्यंत खाली जातो. दोघंही एकमेकांना स्फटिक बांधू देत नाहीत. उकळण्याचंही तसंच. हे मिश्रण उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणानं साधारण एक वातावरणाचा जादा दाब धरून ठेवला की हीच मर्यादा १३० च्या जवळ जाते. म्हणून गरम इंजिनाचं झाकण कधी उघडू नये. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि ११५ अंशांवर शांत बसलेलं द्रव त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. हे वाक्य मी कुणालाही, कितीही वेळा सांगायला तयार आहे.

मग शंभर टक्के ग्लायकॉलच का भरू नये? विमानाच्या इंजिनांनी हा प्रयोग करून पाहिलेला आहे. रोल्स-रॉइसचं प्रसिद्ध मर्लिन इंजिन सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉलवर थंड होत असे, कारण ते जास्त तापमानाला नेता येतं आणि रेडिएटर लहान लागतो. पण ग्लायकॉल उष्णता उचलायला पाण्यापेक्षा आळशी. पुढच्या मर्लिनमध्ये दाबाखाली ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण आलं. 'जास्त घट्ट ते जास्त चांगलं' असं वाटून पाणी न मिसळता कॉन्सन्ट्रेटच ओतणाऱ्यांची गाडी का तापते, याचं उत्तर यात आहे.

इथपर्यंतचं सगळं कुठल्याही बाटलीला लागू होतं. हिरवी घ्या नाहीतर गुलाबी, निम्मं पाणी घातलं की गोठण्या-उकळण्याचे आकडे जवळपास सारखेच येतात. बाटल्या एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या उरलेल्या काही टक्क्यांत, गंज रोखणाऱ्या रसायनांत.

हे मला वाचून नव्हे, हातात धरून कळलं. तपकिरी पाण्याचं काय करावं हे बघायला मेकॅनिककडे गेले तेव्हा त्यांनी थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे इंजिन तापल्यावर उघडणाऱ्या झडपेपाशी, जाणारा वरचा होज सोडवला. होज ज्यावर बसतो ती ॲल्युमिनियमची वाकडी नळी, म्हणजे एल्बो, त्यांनी काढून माझ्या हातात दिला. बाहेरून धड होता. जिथे रबराचा होज आणि क्लिप आवळलेली असते तिथे मात्र त्याच्या काठावर पांढरी भुकटी जमली होती, आणि ती नखानं खरवडल्यावर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, एकाला एक लागून. एका ठिकाणी मी अंगठा दाबला तर काठाचा तुकडा बिस्किटासारखा तुटला. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, त्याची अशी पांढरी भुकटी होते. "पाणी इथून जात होतं ताई," मेकॅनिक म्हणाले, "थेंब थेंब, इंजिनाच्या उष्णतेनं वाळून. म्हणून खाली डाग दिसला नाही." टाकीतली पातळी बोटभर खाली का होती, ते तेव्हा कळलं.

असं का होतं? इंजिनात लोखंड असतं, ॲल्युमिनियम असतं, कुठे तांबं, कुठे पितळ, जुन्या रेडिएटरमध्ये सोल्डर. दोन वेगळे धातू आणि मधे वीज वाहू देणारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात जो धातू दुबळा तो झिजतो. भर म्हणून ग्लायकॉल स्वतःही कायम तसंच राहत नाही. उष्णता आणि हवा लागून त्याची हळूहळू ग्लायकोलिक, फॉर्मिक अशी आम्लं होतात आणि मिश्रण आंबट होत जातं. म्हणून जुनं कूलंट गोठणबिंदूच्या चाचणीत अगदी उत्तम निघालं तरी आतून धातू खात असू शकतं. नळाच्या पाण्यातला क्लोराइड तर ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक संरक्षक थर फोडतो आणि नेमके असे टाचणीएवढे खड्डे पाडतो. बाबांच्या त्या जुन्या गाडीचं इंजिन बिडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा. तिनं नळाचं पाणी वर्षानुवर्षं सोसलं. ॲल्युमिनियमच्या इंजिनानं ते सोसावं अशी अपेक्षा करणं चूक आहे.

गंज रोखायचे मार्ग मुळात दोन. पहिला जुना. सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट असे क्षार पाण्यात घालायचे. सिलिकेट धातूच्या प्रत्येक पृष्ठभागावर झटपट पातळ थर चढवतं, ॲल्युमिनियमला त्याचा फार आधार. पण ते तसंच झटपट संपतं, म्हणून ही कूलंट दोन-तीन वर्षांत बदलावी लागतात. दुसरा मार्ग ऑरगॅनिक ॲसिडचा. ही रसायनं सगळीकडे थर देत बसत नाहीत. जिथे गंज धरायला सुरुवात होते तिथेच जाऊन चिकटतात. म्हणून हळू संपतात, पाच वर्षं आणि त्याहून जास्त टिकतात. मात्र बसायला वेळ घेतात. म्हणून आजच्या बहुतेक कूलंटमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, मुख्य काम ऑरगॅनिक ॲसिडचं आणि जोडीला थोडं सिलिकेट किंवा थोडं फॉस्फेट.

सिलिकेट की फॉस्फेट, इथे मला या विषयातला सगळ्यांत सुंदर भाग सापडला. युरोपातल्या बऱ्याच भागांत पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. त्यात फॉस्फेट गेलं की ते या क्षारांशी जुळून दगडासारखा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसवतं. म्हणून युरोपातल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं आणि सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांना काळजी होती वॉटर पंपाच्या सीलची. सिलिकेट सुटं होऊन कण बनलं की ते सील घासलं जातं, अशी त्यांची भूमिका. म्हणून त्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पंप. त्यातून दोन घराणी उभी राहिली, आणि त्यांच्या इंजिनांची सीलं, गॅस्केटं, रेडिएटर सगळं त्या त्या द्रवात तपासून तयार झालं. दुकानातल्या फळीवर आपल्याला फक्त रंग दिसतात. त्यामागे दोन्हीकडच्या इंजिनिअरांचा इतका विचार आहे, हे कळल्यावर मला त्या बाटल्यांकडे पूर्वीसारखं बघता येईना.

मग मी गाडीची पुस्तिका काढली. ती पहिल्याच दिवशी काढायला हवी होती, ती ग्लोव्ह बॉक्समध्येच होती. कूलंटबद्दल तिच्यात मोजून एक ओळ. एथिलीन ग्लायकॉलवर आधारलेलं, सिलिकेट नसलेलं, अमाईन नसलेलं, नायट्राइट नसलेलं, बोरेट नसलेलं, दीर्घकाळ टिकणारं हायब्रिड ऑरगॅनिक ॲसिड कूलंट. पूर्वी ही ओळ मी वरवर वाचून सोडून दिली असती. आता तिच्यातला प्रत्येक 'नसलेलं' बोलायला लागला. सिलिकेट नको, पंपाच्या सीलसाठी. बोरेट नको, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमशी त्याचं पटत नाही. नायट्राइट हे मोठ्या डिझेल इंजिनांचं औषध. तिथे सिलिंडरची लायनर थरथरते, पाण्यात बुडबुडे फुटतात आणि धातूला भोकं पडतात, ते नायट्राइट रोखतं. माझ्या छोट्या इंजिनाला त्याची गरज नाही. आणि अमाईन व नायट्राइट एकत्र आले तर नायट्रोसमाइन तयार होतात, जी कर्करोगाशी जोडली गेलेली रसायनं आहेत. रंगाचा शब्द त्या ओळीत कुठेही नव्हता.

मेकॅनिकचं 'गुलाबी' हे उत्तर माझ्या गाडीपुरतं बरोबर निघालं. या कंपनीचं मूळ कूलंट खरंच गुलाबी असतं. पण त्यांच्या सांगण्याप्रमाणे डोळे झाकले असते तर मी हमखास चुकले असते, कारण फळीवर गुलाबी बाटल्या तीन होत्या. पहिलीवर सिलिकेट-फ्री, फॉस्फेटेड असं स्पष्ट लिहिलेलं. दुसरी फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्यांसाठीची, सिलिकेट असलेली. तिसरीवर 'ऑल मेक्स, ऑल मॉडेल्स'. या तिसऱ्या प्रकाराबद्दल माझं मत सांगते. रस्त्यात पातळी खाली गेली आणि दुसरं काही मिळत नाही, तेव्हा ती घालायला हरकत नाही. इंजिन लगेच मरत नाही. पण सगळ्यांना चालणारं म्हणजे कुणासाठीच खास नसलेलं, आणि मूळ कूलंट जितकी वर्षं टिकलं असतं तितकी ते मिश्रण टिकेल यावर मी तरी विसंबणार नाही. थोडीशी भर घालायची असेल तर त्यापेक्षा डिस्टिल्ड वॉटर बरं. त्यानं मिश्रण पातळ होतं, पण बिघडत नाही.

बाटलीच्या पाठीमागची भाषाही नीट वाचायला शिकावं लागतं. 'अप्रूव्हड' म्हणजे गाडीच्या कंपनीनं ते द्रव तपासून लेखी मान्यता दिलेली. 'मीट्स' म्हणजे बाटली भरणारा स्वतः सांगतो की आमचं द्रव त्या मापात बसतं. 'रेकमेंडेड फॉर' किंवा 'सुटेबल फॉर' म्हणजे त्याचं मत. तिन्ही खाली एकच क्रमांक छापलेला असतो, आणि घाईत डोळा फक्त क्रमांक वाचतो. एएसटीएम डी ३३०६ किंवा जपानचा जेआयएस के २२३४ ही प्रमाणकं असणं चांगलंच, पण ती किमान पायरी आहे. एकमेकांत न मिसळणारी कूलंटही तीच पायरी चढलेली असू शकतात. शेवटी बघायचा तो आपल्या गाडीच्या कंपनीचा क्रमांक. मर्सिडीजचे ३२५ नं सुरू होणारे क्रमांक कॉन्सन्ट्रेटचे, ३२६ नं सुरू होणारे पाणी मिसळून तयार असलेल्याचे. फोक्सवॅगनची पद्धत टीएल ७७४ आणि पुढे एक अक्षर. अक्षरावरून त्यांच्या कूलंटचं नाव कळतं: सी म्हणजे जुनं जी ११, डी म्हणजे जी १२, एफ म्हणजे जी १२ प्लस, जी म्हणजे जी १२ प्लस प्लस, जे म्हणजे ग्लिसरीन असलेलं जी १३, एल म्हणजे जी १२ इव्हो. एका अक्षराचा फरक वाटतो किरकोळ, पण जी ११ मध्ये जी १२ ओतल्यावर तपकिरी गाळ होतो हे त्या गाड्या वापरणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

माझ्या टाकीतला तपकिरी असाच काहीसा होता. त्यातलं जुनं नेमकं कुठलं, हे ओळखायचा मार्ग मी पुष्कळ शोधला. चाचणीच्या पट्ट्या आम्लता सांगतात, गोठणबिंदूचा अंदाज देतात. रिफ्रॅक्टोमीटर ग्लायकॉलचं प्रमाण अचूक दाखवतो. घराणं यांपैकी कुणीच सांगत नाही, आणि डोळा तर नाहीच. अशा वेळी सगळं काढून टाकणं हा एकच सरळ रस्ता उरतो.

सगळं काढणं मात्र बोलण्याइतकं सोपं नसतं. पुस्तिकेनुसार माझ्या गाडीत ६ लिटर मावतं. खालचा नट उघडून ट्रेमध्ये मोजलं तर साडेतीन. उरलेलं अडीच लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत अडकलेलं. म्हणजे एकदा नवं भरलं की त्यात ४२ टक्के जुनंच. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन तापवायचं, पुरतं थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा काढायचं. दुसऱ्या खेपेला जुनं उरतं १७ टक्के, तिसरीला ७, चौथीला ३. मी चार वेळा केलं, दोन दिवस लागले. पहिल्या खेपेचं पाणी चिखलासारखं आलं, चौथ्या खेपेचं ट्रेचा तळ दिसेल इतकं स्वच्छ.

आणि इथे एक चूक मी करता करता थांबले, ती मुद्दाम सांगते. पाण्यानं धुतल्यावर आत अडीच लिटर निव्वळ पाणी अडकलेलं असतं. त्यावर तयार निम्मं-निम्मं मिश्रण साडेतीन लिटर ओतलं तर ६ लिटरमध्ये ग्लायकॉल येतं पावणेदोन लिटर, म्हणजे २९ टक्के. गंज रोखणारी रसायनंही त्याच हिशेबानं कमी. म्हणून धुतलेल्या इंजिनासाठी कॉन्सन्ट्रेट घ्यावं लागतं. तीन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, मग उरलेल्या जागेत अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. भरून झाल्यावर वरचा होज हातानं दाबत राहिले, टाकीत बुडबुडे येत राहिले, ते थांबेपर्यंत. हवा आत अडकली तर काटा बरोबर दिसत असतानाही इंजिनाच्या डोक्यापाशी धातू कोरडा भाजत राहतो.

काढलेलं पहिलं पाणी ट्रेमध्ये भिंतीशी ठेवून मी हात धुवायला आत गेले. बाहेर येते तो शेजारची मांजर ट्रेच्या काठाशी वाकलेली. मी ओरडले, ती पळाली. तिनं तोंड लावलेलं नव्हतं. पण माझे पाय लटपटत होते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. मांजराला एखाद-दोन चमचे प्राणघातक ठरू शकतात, आणि लहान मुलालाही फार लागत नाही. पोटात गेल्यावर यकृत त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड करतं, ते रक्तातल्या कॅल्शियमशी जुळतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात रुततात. वेळेत दवाखान्यात पोचलं तर उतारा आहे, पण सुरुवातीला माणूस फक्त झिंगल्यासारखा दिसतो आणि तो वेळ हातचा जातो. प्रॉपिलीन ग्लायकॉलवरची कूलंट यापेक्षा खूपच कमी विषारी असतात. माझ्या गाडीला ती सांगितलेली नाहीत, म्हणून मी काळजी घेते. काढलेलं सगळं झाकणाच्या डब्यात भरून, वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून, जळकं ऑइल जिथे जमा करतात तिथे देऊन आले. जमिनीवर सांडलेला ओघळ भरपूर पाण्यानं धुतला. बाटली आता उंच कपाटात असते.

नवा एल्बो बसला. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टाकी बघत होते. पहिल्या आठवड्यात पातळी थोडी उतरली, राहिलेली हवा निघाली असावी. मग रेघेवर जी थांबली ती थांबली.

बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते ऐकत होते, मधे हूं हूं म्हणत. मग विचारलं, "शेवटी कुठलं घातलंस? गुलाबी ना?"

"गुलाबीच. पण बाबा, रंग सोडा. तुमच्या गाडीचं पुस्तक कुठंय?" त्यांची हल्लीची गाडी जर्मन बनावटीची आहे, आणि तिच्यात काय आहे हे त्यांनी गेल्या चार वर्षांत बघितलेलं नाही.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, खण उघडल्याचा आला. बऱ्याच वेळानं ते परत आले. "सापडलं. टीएल सातशे चौऱ्याहत्तर लिहिलंय. पुढे एक अक्षर आहे, फार बारीक छापलंय गं. जी आहे की जे?"

"नीट बघा बाबा. दोन्ही वेगळी आहेत."

"थांब," ते म्हणाले, "भिंग आणतो."